दोन नावांत एक शब्द सारखा असला म्हणून गिऱ्हाईक फसतंच का? (‘लंडन प्राइड’ निकालाच्या निमित्ताने)

तांबडफुटी (धागाकर्ती)

कामाच्या निमित्ताने मी रोज ट्रेडमार्कचे अर्ज आणि त्यांवरचे विरोध बघते. लोणची, मसाले, कुरडया, साबण, अगरबत्ती करणाऱ्या लहान उत्पादकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “मोठ्या कंपनीचा विरोध आलाय, त्यांच्या नावातला एक शब्द आमच्याही नावात आहे. नाव बदलून टाकू का?” हा प्रश्न विचारणारे तरी बरे. कित्येक जण विचारतही नाहीत. वकिलाच्या लेटरहेडवरचं पत्र बघून छापलेली पाकिटं बाजूला टाकतात आणि लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या पुष्कळ प्रकरणांत गिऱ्हाईक फसण्याची शक्यता नसते आणि ते दाखवून देता येतं. कसं, यावर बोलावं म्हणून हा धागा.

ताजं उदाहरण व्हिस्कीचं आहे. ‘ब्लेंडर्स प्राइड’ आणि (तेव्हा) ‘इम्पीरियल ब्लू’ विकणाऱ्या पर्नो रिकार कंपनीने इंदूरच्या एका उत्पादकावर दावा लावला. त्याच्या व्हिस्कीचं नाव ‘लंडन प्राइड’. कंपनीचं म्हणणं असं की ‘प्राइड’ हा आमच्या नावाचा गाभा, तो याने उचलला. शिवाय लेबलाचे रंग आणि मांडणी ‘इम्पीरियल ब्लू’वरून घेतली. इंदूरच्या कमर्शियल कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये अंतरिम मनाई, म्हणजे दावा निकाली निघेपर्यंत नाव वापरू नका असा हुकूम, नाकारली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तेच केलं. १४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचं अपील फेटाळलं. हा निकाल अंतरिम मनाईपुरता आहे, मूळ दाव्याचा नाही, हे ध्यानात ठेवायचं. तरी त्यातली कारणं प्रत्येक लहान उत्पादकाने समजून घ्यावीत अशी आहेत.

न्यायालयाने नावाचे तुकडे केले नाहीत. ‘ब्लेंडर्स प्राइड’ हे सबंध नाव आणि ‘लंडन प्राइड’ हे सबंध नाव समोरासमोर ठेवलं. ‘प्राइड’ हा कौतुकाचा शब्द, दारूच्या धंद्यात तो बऱ्याच जणांच्या लेबलांवर आहे, त्यावर एकाचीच मालकी सांगता येत नाही. एका ब्रँडमधून शब्द घ्यायचा, दुसऱ्या ब्रँडमधून रंग घ्यायचा आणि दोन्ही मिळून साम्य सिद्ध करायचं, हेही न्यायालयाने चालू दिलं नाही. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या कंपनीकडे बरेच ब्रँड आहेत तिला अशी बेरीज करायची मुभा दिली, तर बाजारात नव्या माणसाला एकही शब्द आणि एकही रंग मोकळा मिळणार नाही.

ही दृष्टी आजची नाही. १९०६ साली इंग्लंडमध्ये ‘पियानोला’ हे नाव नोंदलेलं असताना दुसऱ्या कंपनीने तशाच यांत्रिक पियानोवादनाच्या उपकरणासाठी ‘नेओला’ हे नाव मागितलं. न्या. पार्कर यांनी सांगितलेली कसोटी आपल्याकडची न्यायालयं आजही वापरतात: नाव दिसतं कसं, ऐकू कसं येतं, माल कोणता, तो घेणारा माणूस कोण, आणि आजूबाजूची सगळी परिस्थिती काय. असली महागडी वस्तू घेणारा माणूस या दोन नावांत गोंधळणार नाही असं ठरलं आणि ‘नेओला’ला वाट मोकळी झाली.

आपल्याकडचा माझा आवडता निकाल १९६९ चा आहे. स्विस कंपनी हॉफमन-ला रोशचं ‘प्रोटोविट’ आणि मुंबईच्या जेफ्री मॅनर्सचं ‘ड्रॉपोविट’. दोन्ही जीवनसत्त्वांची औषधं. अक्षरं मोजली तर बरीच सामाईक निघतात. तरी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गोंधळ होणार नाही. शेवटचं ‘विट’ कितीतरी औषधांच्या नावांत होतं, त्यामुळे घेणाऱ्याचं लक्ष आपोआप पुढच्या भागाकडे जातं, आणि तो भाग वेगळा आहे.

आणि ‘नंदिनी’. कर्नाटक दूध महासंघ १९८५ पासून ‘नंदिनी’ नावाने दूध विकतो. बंगळूरचं ‘नंदिनी डिलक्स’ हे आंध्र पद्धतीच्या जेवणाचं उपाहारगृह १९८९ पासूनचं. उच्चार एकच, इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेवढा एका अक्षराचा फरक. महासंघाने उपाहारगृहाच्या नोंदणीला विरोध केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहाच्या बाजूने निकाल दिला. नंदिनी हे पुराणातल्या गायीचं, देवीचं नाव, महासंघाने घडवलेला शब्द नव्हे. एकाचा माल दूध, दुसऱ्याचं हॉटेल आणि तिथले पदार्थ. चिन्हंही वेगळी. नोंदणीसाठी केलेल्या मालाच्या वर्गवारीतला क्लास एक आला म्हणून माल एक होत नाही. फक्त दूध आणि दुधाच्या पदार्थांसाठी ते नाव उपाहारगृहाला मिळणार नाही, एवढी मर्यादा राहिली.

या सगळ्यावरून माझं मत असं बनलं आहे की विरोधाला उत्तर देताना फरकांची लांबलचक यादी करू नये. “त्यांचा फॉण्ट तिरका, आमचा सरळ, त्यांची वेलबुट्टी डावीकडे, आमची उजवीकडे” अशी उत्तरं मी खूप वाचते, आणि ती टिकत नाहीत, कारण गिऱ्हाईक दोन पाकिटं शेजारी ठेवून तुलना करत नाही. त्याच्या डोक्यात एक अर्धवट आठवण असते. म्हणून फरक मोजत बसण्यापेक्षा सारख्या भागाचं वजन किती ते दाखवा. तो शब्द त्या धंद्यात सगळेच वापरत असतील, तर आठवण त्या शब्दावर टिकत नाही, उरलेल्या नावावर टिकते. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १७ मध्येही हेच आहे: पूर्ण नाव नोंदलं म्हणून त्यातल्या सर्वसामान्य तुकड्यावर स्वतंत्र हक्क मिळत नाही.

तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही वाचायचे आहेत.

कोयनाकाठ

धागा अगदी वेळेवर आला. आमचा कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. आधी बचत गटाच्या स्टॉलवर विकायचो, आता कराड-साताऱ्याच्या बऱ्याच दुकानांत जातो. नावात पहिला शब्द आमच्या भागातल्या ओढ्याचा, दुसरा ‘स्वाद’. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये (कुणाचा विरोध असेल तर कळावा म्हणून अर्ज जिथे छापतात तिथे) छापून आला आणि एका मोठ्या कंपनीने विरोध नोंदवला. त्यांच्या नावातही शेवटी ‘स्वाद’ आहे, पहिला शब्द पूर्ण वेगळा. विरोधाच्या कागदात लिहिलंय की ग्राहकांना आमचा मसाला त्यांचाच वाटेल. प्रकरण चालू आहे म्हणून इथे कुणाचंच नाव घेत नाही.

घरात दोन तट पडलेत. यजमान म्हणतात, नाव बदलू आणि मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, ओढा आपला, मसाला आपला, नाव का सोडायचं? मला सासूबाईंचं पटतं, पण वकिलाचा खर्च कुठवर जाईल याची धास्ती आहे.

दुकानदार अप्पा

कायदा मला कळत नाही, गिऱ्हाईक कळतं. सबंध आयुष्य किराण्याच्या गल्ल्यावर गेलं.

आमच्याकडचं निम्मं गिऱ्हाईक ब्रँडचं नाव घेतच नाही. “ते लाल पाकीट द्या.” “बाईचं चित्र असलेलं.” “मागल्या टायमाला दिलं होतं तेच.” पोराला पाठवलं तर पोरगं बोट दाखवतं. व्हॉट्सअॅपवर यादी येते त्यात ‘मसाला पाव किलो’ एवढंच असतं, मग फोन करून कोणता ते विचारावं लागतं. त्यामुळे नावात काय सारखं आहे यावर वकील भांडोत, माझ्या दुकानात फसवणूक होते ती रंगाने आणि चित्राने. बिस्किटं, चहा पावडर, कपडे धुण्याची पावडर यांत तर सर्रास. एक लिंबू-पिवळं पाकीट खपायला लागलं की सहा महिन्यांत तसलीच चार येतात.

पण ताई, मसाल्याचं एक सांगतो. कांदा-लसूण मसाल्याच्या बाबतीत आपल्याकडची बाई फार चोखंदळ. दुसरं पाकीट गेलं तर संध्याकाळी परत येतं. रंग, वास, तिखटपणा, सगळं लगेच ओळखतात. तिथे कुणी एका शब्दाला भुलून घेईल हे मला पटत नाही.

तांबडफुटी

अप्पा, तुमचा प्रतिसाद मला वकिली युक्तिवादाइतकाच मोलाचा वाटतो. कायदा ज्याला ‘सर्वसाधारण बुद्धीचा आणि अर्धवट स्मरणाचा ग्राहक’ म्हणतो, तो तुमच्या गल्ल्यासमोर उभा असतो.

रंग-चित्राबद्दल तुम्ही म्हणता ते सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच मान्य केलं आहे. पार्ले विरुद्ध म्हैसूरची जे. पी. अँड कंपनी. दोघांचीही ग्लुकोज बिस्किटं. दोन्ही वेष्टनांवर शेतातल्या घराचा देखावा, मुलगी, गायी, कोंबड्या. बारकावे वेगळे होते. न्यायालय म्हणालं, दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक शोधायचे नाहीत. एक पाहिलेल्या माणसाला दुसरं दिलं तर तो ते घेईल का, एवढंच बघायचं. पार्ले जिंकली, आणि योग्यच झालं.

कोयनाकाठ, म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच: पाकिटाचे रंग आणि मांडणी त्यांच्यासारखी आहे का? असेल तर तेवढं आजच बदला. नावासाठी भांडायचं तर पाकीट स्वच्छ हवं.

कोयनाकाठ

नाही, अजिबात नाही. त्यांचं पाकीट गडद लाल, चकचकीत, वर भरलेल्या ताटाचा फोटो. आमचं खाकी कागदाचं, वर ओढ्याचं रेघांचं चित्र, खाली गावाचं नाव ठळक. मुलीने काढलंय चित्र.

गवाक्ष

तांबडफुटी, लेख आवडला, पण चित्र एकांगी वाटतं. वाचणाऱ्यांनी यावर विसंबून निर्णय घेऊ नयेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी या क्षेत्रात बहुतेक वेळा विरोध करणाऱ्यांच्या बाजूने उभा असतो, हेही सांगून टाकतो.

पहिलं, ‘पिकनिक’ प्रकरण. डायकेम कंपनी ‘पिकनिक’ नावाचे वेफर्स विकायची, कॅडबरीने ‘पिकनिक’ चॉकलेट आणलं. स्पेलिंग वेगळं, उच्चार एक. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने लिखावटीतल्या फरकांना वजन देऊन मनाई नाकारली. पुढच्याच वर्षी औषधांच्या नावांवरून झालेल्या कॅडिला प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट सांगितलं की फरकांवर भर देण्याची ती पद्धत बरोबर नव्हती; भर साम्यावर द्यायचा. आपला कायदा तेव्हापासून या रस्त्याने चालतो.

दुसरं, ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही औषधं, १९६२. ‘धारा’ हा कुणाच्याही घरातला शब्द. पुढचे शब्द वेगळे, अर्थ वेगळे. तरी सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ऐकायला आणि रचनेला ही नावं इतकी जवळची आहेत की साधा माणूस गोंधळेल. तुमच्या सूत्राने गेलं तर ‘लक्ष्मणधारा’ जिंकायला हवी होती.

तिसरं, ‘अंबाळ’ आणि ‘आंडाळ’ तपकीर. एक पार्वती, दुसरी वैष्णव संत स्त्री. तमिळ भाविकाला यातला फरक सांगावा लागत नाही. पण तपकीर घेणारे सगळ्या जातिधर्मांचे, त्यातले पुष्कळ अशिक्षित, आणि कानाला दोन्ही नावं जवळजवळ एकच. हा निकालही १९६९ चाच, तुमच्या ‘ड्रॉपोविट’च्या वर्षीचा.

एखादं नाव उभं करायला कंपनीने वर्षानुवर्षं पैसा आणि मेहनत घातलेली असते. तिने विरोध केला की ती दादागिरीच असते, असं मानू नये.

औषधवाला

माझं मेडिकल आहे. आमच्या धंद्यात तरी कडक नियमच हवेत. कॅडिला प्रकरण ज्या औषधांवरून झालं ती होती ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’, दोन्ही मलेरियावरची. घटक वेगळे. एकाच्या जागी दुसरं गेलं तर बिस्कीट बदलल्यासारखं नुसतं चवीवर भागत नाही, पेशंटच्या जिवाशी गाठ पडते. त्या निकालात म्हटलंय की औषधांच्या बाबतीत गोंधळाची थोडीशी शक्यताही खपवून घेऊ नये, आणि डॉक्टर-फार्मासिस्ट शिकलेले असतात हेही पुरेसं उत्तर नाही. डॉक्टरांचं अक्षर, फोनवरून दिलेली ऑर्डर, रात्री एकटा असलेला मुलगा काउंटरला, हे सगळं मी रोज बघतो.

‘ड्रॉपोविट’-‘प्रोटोविट’ची नावं आज नव्याने आली असती तर तोच निकाल लागला असता का, मला शंका आहे.

तांबडफुटी

औषधवाला, पूर्ण सहमत. औषधांसाठी माझा युक्तिवाद मी वापरणार नाही. चूक झाली तर काय बिघडेल, हा आजूबाजूच्या परिस्थितीचाच भाग आहे.

गवाक्ष, तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं खरी आहेत आणि ती या धाग्यात यायलाच हवी होती. पण माझ्या सूत्राला ती छेद देत नाहीत असं मला वाटतं.

‘पिकनिक’बद्दल: फरक मोजू नका, हे मी धाग्यातच म्हटलं आहे. कॅडिला निकालाने जी पद्धत बाद केली तीच मी टाळायला सांगते. साम्यावर भर द्यायचा, अगदी मान्य. मग पुढचा प्रश्न येतोच की हे साम्य कशाचं आहे, घडवलेल्या शब्दाचं की सगळ्यांच्या शब्दाचं? १९९४ च्या मायक्रोनिक्स प्रकरणात हेच झालं. ‘मायक्रोनिक्स’ आणि ‘मायक्रोटेल’. न्यायालयाने सांगितलं की मायक्रो-चिपवर चालणाऱ्या वस्तूंच्या धंद्यात ‘मायक्रो’ हा शब्द वर्णनाचा आहे, त्यावर कुणाची मक्तेदारी नाही. तो बाजूला ठेवला की ‘निक्स’ आणि ‘टेल’ यांत गोंधळ कुठे आहे?

‘अमृतधारा’बद्दल: तिथे माल तंतोतंत एकाच उपयोगाचा होता, डोकेदुखी-पोटदुखीवरचं औषध. गिऱ्हाईक खेड्यापाड्यातलं. आणि दोन्ही नावं एका दमात म्हटलेला एकेक शब्द. ‘ओढ्याचं नाव’ अधिक ‘स्वाद’ हे दोन सुटे शब्द आहेत, आणि पहिला शब्द ऐकताच माणसाला गाव आठवतं. शिवाय त्या प्रकरणाचा शेवट बघा. ‘अमृतधारा’वाले इतकी वर्षं गप्प बसले होते की ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच.

‘अंबाळ-आंडाळ’मध्ये दोन्ही सबंध नावंच कानाला जुळतात. सामाईक शब्द बाजूला ठेवून उरतं काय, हा प्रश्न तिथे येतच नाही. तिथे मीही विरोध करणाऱ्याच्याच बाजूने उभी राहिले असते.

मोठ्या कंपनीची मेहनत मी नाकारत नाही. पण मेहनत तिच्या पूर्ण नावावर झालेली असते. ‘स्वाद’ हा शब्द तिच्या आधीही प्रत्येक स्वयंपाकघरात होता.

झेलमचा प्रवासी

व्हिस्कीच्या निकालातली एक गोष्ट मला खटकते. ‘प्रीमियम दारू घेणारा माणूस चोखंदळ, विचार करून घेणारा’ असं न्यायालयं धरून चालतात. खोडे कंपनीच्या ‘पीटर स्कॉट’ विरुद्ध स्कॉच व्हिस्की असोसिएशनच्या २००८ च्या निकालातही घेणारे सुशिक्षित आणि जाणकार असतात असा मुद्दा होता. प्रत्यक्षात वाइन शॉपवर संध्याकाळी काय चित्र असतं? जाळीतून हात आत, मागे रांग, “एक क्वार्टर दे रे” आणि बोट दाखवून मोकळं. तिथे कोण लेबल वाचतंय?

दुकानदार अप्पा

झेलम, बरोबर. पण क्वार्टर घेणारा रोजचा असतो, आणि रोजच्या माणसाला आपला ब्रँड झोपेतही ओळखता येतो. कधीमधी घेणाराच चुकतो.

तांबडफुटी

अप्पांनी नेमकं सांगितलं. झेलमचा प्रवासी, तुमचा मुद्दाही मला पटतो. ‘चोखंदळ ग्राहक’ या एका खांबावर सगळी इमारत उभी करावी असं माझं म्हणणं नाही. पीटर स्कॉट प्रकरणातही निकालाचा मुख्य आधार स्कॉच असोसिएशनने केलेला उशीर हा होता. ते नाव १९६८ पासून बाजारात होतं. ग्राहक कोण, हा मुद्दा जोडीला उपयोगी पडतो. खरा भार सामाईक शब्द किती सामान्य आहे यावर टाकावा. जाळीतून बोट दाखवणारासुद्धा ‘प्राइड’ लिहिलेल्या कुठल्याही बाटलीकडे बोट दाखवत नाही.

मी_सोलापूरची

मला एक विचारायचं आहे. ‘सामान्य शब्द’ आहे हे सिद्ध कसं करायचं? आमच्या ओळखीत चादरी-टॉवेलवाल्यांचं असंच प्रकरण झालं. त्यांनी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या (नोंदणी कार्यालयाच्या) वेबसाइटवरून त्या शब्दाची सत्तर-ऐंशी नोंदलेली नावं छापून दिली. समोरचा वकील म्हणाला, ही नुसती यादी झाली. ते प्रकरण पुढे मिटवून टाकलं, त्यामुळे खरं काय ते कळलंच नाही.

तांबडफुटी

समोरच्या वकिलाचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. १९५९ चं ‘ग्लुकोविटा’ आणि ‘ग्लुविटा’ प्रकरण बघा, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं. ग्लुकोविटा हे ग्लुकोजचं उत्पादन, ग्लुविटा बिस्किटांसाठी मागितलेलं नाव. ‘ग्लुको’ आणि ‘विटा’ हे तुकडे बऱ्याच नावांत असतात असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव नोंदवहीत असणं म्हणजे ते बाजारात वापरात असणं नव्हे. वापर सिद्ध झाला नाही म्हणून तो बचाव पडला. गवाक्ष यांच्या यादीत हेही एक नाव जोडावं.

म्हणून यादीच्या जोडीला प्रत्यक्ष पुरावा हवा. दुकानात फिरून तो शब्द असलेली वेगवेगळ्या उत्पादकांची पाकिटं विकत घ्या, पक्की बिलं घ्या, पाकिटांवरच्या पॅकिंगच्या तारखा दिसतील असे फोटो काढा. ऑनलाइन विक्रीच्या पानांच्या प्रती तारखेसह काढा. जुन्या जाहिराती, प्रदर्शनांची पत्रकं मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आणखी एक काम बरेच जण करत नाहीत. विरोध करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या अर्जाची फाइल रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर उघडून वाचा. त्यांच्या अर्जावर आधीच्या कुणाच्या नावावरून आक्षेप आलेला असतो, आणि त्याला उत्तर देताना त्यांनीच लिहिलेलं असतं की “हा शब्द सर्वसामान्य आहे, आमचं नाव पूर्ण बघितलं तर वेगळं आहे.” असं उत्तर देऊन नोंदणी मिळवायची आणि नंतर उलट बोलायचं, हे चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रमण क्वात्रा विरुद्ध केईआय इंडस्ट्रीज प्रकरणात हे अगदी ठामपणे सांगितलं आहे.

कोयनाकाठ

आत्ताच मुलीला बसवून फाइल उघडायला लावली. दहा वर्षांपूर्वीचं उत्तर आहे! त्यात लिहिलंय की ‘स्वाद’ हा खाद्यपदार्थांच्या व्यापारात सर्रास वापरला जाणारा शब्द असून आमच्या नावातला पहिला शब्द ते वेगळं ठरवतो. शब्द थोडे वेगळे, पण अर्थ हाच.

गवाक्ष

मग तुमची बाजू चांगलीच भक्कम झाली. ते पान ताबडतोब तारखेसह उतरवून ठेवा.

विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा माणूस म्हणून तीन गोष्टी सांगतो. मुदत पाळा: विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत काउंटर स्टेटमेंट (विरोधाला लेखी उत्तर) गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. ऑनलाइन भरताना एका क्लासला २,७०० रुपये शुल्क आहे. पोस्टाची वाट बघू नका, ईमेलवर आलेली प्रतही मिळालेलीच धरली जाते. दुसरं, अर्ज ‘सर्व खाद्यपदार्थ’ असा मोघम भरला असेल तर तो कमी करून ‘मसाले’ एवढाच ठेवायची तयारी दाखवा. ‘नंदिनी’मध्ये दूध वगळल्यावरच वाट मोकळी झाली, हे विसरू नका. तिसरं, त्यांच्या वकिलाशी बोलायला लाजू नका. बऱ्याच कंपन्या जर्नलमध्ये सारखा शब्द दिसला की सरसकट विरोध टाकतात. पाकिटाचा फोटो, मालाची मर्यादा आणि त्यांचं जुनं उत्तर समोर ठेवलं तर लेखी तडजोडीवर विरोध मागे घेतला जातो, असं मी पाहिलं आहे.

तांबडफुटी यांच्याशी माझा मतभेद एवढाच की त्या ‘पुष्कळदा’ म्हणतात, मी ‘काही वेळा’ म्हणेन. या प्रकरणात मात्र आमचं एकमत आहे.

तांबडफुटी

गवाक्ष, मनापासून आभार. मालाच्या मर्यादेचा सल्ला मीही दिला असता.

कोयनाकाठ, भर एवढीच: उत्तरात कधीपासून वापरता ते पुराव्यासह लिहा. फूड लायसन्स, पहिल्या स्टॉलच्या पावत्या, दुकानांची बिलं, छापखान्याचं पाकिटांचं बिल, सगळं तारखेच्या क्रमाने लावा. इतक्या वर्षांत त्यांच्या मसाल्याची तक्रार घेऊन कुणी तुमच्याकडे आलं का, किंवा तुमचं पाकीट त्यांचं समजून कुणी घेतलं का? आलं नसेल तर तेही लिहा, आणि तुमचा मसाला ठेवणाऱ्या दोन-तीन दुकानदारांची प्रतिज्ञापत्रं पुराव्याच्या टप्प्यावर जोडा. अप्पांनी जे इथे लिहिलं तसंच त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या: गिऱ्हाईक कसं मागतं, काय बघून घेतं, चुकीचं गेलं तर काय करतं.

दुकानदार अप्पा

कराडला माझा मेव्हणा दुकान चालवतो. ताईंचा मसाला त्याच्याकडे असेल तर तो लिहून द्यायला तयार होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोयनाकाठ

अप्पा, व्यनि केला आहे. आमचं पाकीट त्यांच्याच दुकानात जातं!

विरोधाची प्रत आम्हाला गेल्या महिन्याच्या ५ तारखेला ईमेलवर आली, म्हणजे हातात अजून पाच आठवडे आहेत. वकिलांशी बोलणं झालं. काउंटर स्टेटमेंट या महिन्यातच जाईल, अर्ज फक्त मसाल्यांपुरता ठेवायचा ठरलं आहे, आणि कंपनीच्या वकिलांना त्यांच्या जुन्या उत्तराची प्रत जोडून पत्र जाणार आहे. यजमानही आता तयार आहेत. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.